पिंजऱ्यात माल खरोखर आहे का? एन्कॅप्स्युलिन प्रकल्पाच्या नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२४

८ जुलै २०२४

आजपासून या प्रकल्पाची स्वतंत्र वही सुरू करीत आहे. उद्देश एका वाक्यात मांडता येतो: प्रथिनाचे उपघटक आपोआप जुळून जो पोकळ पिंजरा तयार होतो, त्यात आपल्याला हवा तो रेणू भरायचा आणि तो आत गेला आहे हे सिद्ध करायचे. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाखाली पेन्सिलने रेघ ओढली. ती रेघ का ओढली, हे मला त्या वेळी फारसे उमगले नाही.

आम्ही निवडलेला पिंजरा थर्मोटोगा मॅरिटिमा या जिवाणूचा आहे. इटलीतील व्हल्कानो बेटाजवळच्या तप्त समुद्रतळातून वेगळा केलेला हा जिवाणू ८० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चांगला वाढतो. त्याच्या एन्कॅप्स्युलिन या प्रथिनाचे ६० सारखे उपघटक कोणाच्याही मदतीवाचून एकमेकांत बसतात आणि सुमारे २४ नॅनोमीटर व्यासाचे कवच तयार होते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील नेनाद बान यांच्या गटाने २००८ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. प्रत्येक उपघटकाची घडी एचके९७ या जिवाणुभक्षी विषाणूच्या कवचासारखी आहे, आणि आत जाणाऱ्या प्रथिनाच्या शेवटी असलेली अमिनो आम्लांची एक आखूड शेपूट कवचाच्या आतल्या भिंतीला धरून बसते, या दोन्ही गोष्टी त्यातून स्पष्ट झाल्या. आमचा सारा डाव या शेपटीवर उभा आहे. कोणत्याही प्रथिनाच्या शेवटी ती जोडली की पिंजरा जुळताना ते प्रथिन आत ओढले जावे, अशी अपेक्षा आहे.

फेरिटिन का नाही, हा प्रश्न बैठकीत आला. फेरिटिनचा पिंजरा २४ उपघटकांचा, बाहेरून १२ आणि आतून ८ नॅनोमीटरचा असतो. लोहाचे कण किंवा औषधाचे लहान रेणू नेण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु आम्हाला संपूर्ण प्रथिने आत बसवायची आहेत आणि तेवढ्या जागेत ती दाटीवाटीनेच मावतील. एन्कॅप्स्युलिनची पोकळी सुमारे २० नॅनोमीटरची आहे, म्हणजे तिचे घनफळ जवळजवळ १५ पट आहे.

१६ जुलै

मालाची, म्हणजे पिंजऱ्यात भरायच्या रेणूची, निवड झाली. हिरवे चकाकणारे प्रथिन जीएफपी, त्याच्या शेवटी शेपूट. चकाकी मोजणे सोपे असते आणि भरणे यशस्वी झाले की नाही ते डोळ्यांनीच दिसते, असा त्यामागचा विचार होता. जीएफपी पिंपाच्या आकाराचे असून त्याचा व्यास २.४ आणि उंची ४.२ नॅनोमीटर असते. नुसत्या घनफळाचा हिशेब केला तर पोकळीत अशी दोनशेहून अधिक पिंपे मावतात आणि मोकळ्या जागा सोडल्या तरी शंभरावर बसायला हरकत नाही. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या एका जिवाणूच्या ६० उपघटकांच्या पिंजऱ्यात याच आकाराची फक्त बाराच्या आसपास प्रथिने भरल्याचे मोजले गेले आहे. भूमिती जेवढे देऊ करते तेवढे जीवरसायनशास्त्र देत नाही.

पिंजऱ्याचे आणि मालाचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर (जिवाणूत घालायच्या डीएनएच्या लहान वर्तुळावर) घेतले असून दोन्ही आयपीटीजी या रसायनाने एकाच वेळी चालू होतील. तुलनेसाठी दोन नियंत्रणे ठेवली आहेत: एकात शेपूट नसलेले जीएफपी आणि पिंजरा, दुसऱ्यात नुसता रिकामा पिंजरा. दुसऱ्या नियंत्रणाची गरज नाही असे मी म्हणालो होतो. मॅडमनी ते ठेवायला लावले.

२ ऑगस्ट

रिकामा पिंजरा पहिल्याच खेपेला मिळाला. ज्यात पिंजरा तयार करवला ते ई. कोलाय जिवाणू फोडून मिळालेला रस २० मिनिटे ६५ अंशांवर ठेवला. बहुतेक सगळी जिवाणूची प्रथिने शिजून पांढरी झाली आणि सेंट्रीफ्यूजमध्ये तळाला बसली, तर एन्कॅप्स्युलिन वरच्या स्वच्छ द्रावात तसेच राहिले. उष्णजीवी जिवाणूचे प्रथिन घेण्याचा हा मोठा लाभ आहे. निम्मे शुद्धीकरण पाण्याच्या गरम टाकीतच होते. पुढे पीईजी या रसायनाने आणि मिठाने ते साकळवले आणि रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या सुपरोज ६ स्तंभातून नेले, तेव्हा एकच सरळ शिखर मिळाले. प्रकाश विखुरण्याच्या मोजणीत व्यास २४ नॅनोमीटरच्या जवळ आला.

प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एक गंमत दिसते. नमुना न उकळता टाकला तर एसडीएस (प्रथिने उलगडणारे साबणासारखे रसायन) असूनही पिंजरा फुटत नाही आणि जेलच्या अगदी वरच्या टोकाला अडकून राहतो. उकळला की ३१ किलोडाल्टनवर (हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) उपघटकाची पट्टी येते. ही सवय पुढे उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. शुद्ध द्राव किंचित पिवळसर दिसला, पण सेंट्रीफ्यूजमधील नळीचाच रंग असेल असे समजून मी त्याकडे लक्ष दिले नाही.

९ ऑगस्ट

शेपूटवाले जीएफपी आणि पिंजरा एकत्र व्यक्त केले, म्हणजे जिवाणूत तयार करवले. पेशींचा गोळा हिरवा, रस हिरवा, स्तंभातून बाहेर आलेले पिंजऱ्याचे शिखरही हिरवे. सायंकाळी निळ्या प्रकाशाखाली नळी धरून छायाचित्र काढले आणि गटातील सर्वांना पाठवले. उष्णतेच्या पायरीत मोकळे जीएफपी नष्ट होत नाही, कारण आमचे रूप ६५ अंश सहज सोसते. म्हणून वेगळे करण्याचे काम स्तंभावरच अवलंबून आहे. मोकळ्या जीएफपीचे शिखर बरेच नंतर आले आणि दोन्ही शिखरे एकमेकांपासून पुरेशी दूर होती.

२१ ऑगस्ट

आज नियंत्रणे झाली आणि प्रकल्प अडला.

शेपूट नसलेले जीएफपी पिंजऱ्यात जाऊ नये, तरीही त्या नमुन्यातील पिंजऱ्याच्या शिखरात ५२० नॅनोमीटरच्या आसपास स्पष्ट चकाकी दिसली. भरलेल्या नमुन्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी ती होती. प्रथम वाटले की जीएफपी पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटत असेल. तसे असेल तर भरलेल्या नमुन्यातील चकाकीही काही प्रमाणात बाहेरचीच असणार, आणि ९ ऑगस्टचे छायाचित्र कशाचेही प्रमाण राहत नाही. मग दुसरे नियंत्रण, म्हणजे रिकामा पिंजरा, यंत्रात ठेवले. त्यात जीएफपी मुळीच नाही, आणि तरीही चकाकी आली.

२३ ऑगस्ट

दोन दिवस यंत्र, बफर, क्युवेट, स्तंभात मागे राहिलेले जीएफपी अशा सगळ्या शंका फेडून झाल्या. उत्तर २ ऑगस्टच्या नोंदीतच होते, त्या पिवळसर रंगात. थर्मोटोगा मॅरिटिमाचे एन्कॅप्स्युलिन फ्लेविन (पिवळा, स्वतः चकाकणारा लहान रेणू) धरून ठेवते हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तो निबंध आमच्या फोल्डरमध्ये होता, मी वाचलाही होता, आणि मालासाठी हिरवा रंग निवडताना तो मला आठवला नाही. फ्लेविन ४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि ५२० ते ५३० च्या दरम्यान परत देते, म्हणजे जवळजवळ जीएफपीच्याच वाटेने.

निव्वळ तर्कावर न थांबता एक साधी परीक्षा केली. रिकामा पिंजरा ग्वानिडीन या प्रथिने उलगडणाऱ्या रसायनात रात्रभर ठेवून उलगडला आणि १० किलोडाल्टनच्या गाळणीतून नेला. जीएफपी २७ किलोडाल्टनचे असल्यामुळे ते खाली येऊ शकत नाही, शिवाय ते उलगडले तर त्याची चकाकी जाते. गाळणीखाली आलेला द्राव पिवळा होता आणि चकाकत होता. प्रश्न मिटला. मॅडमना सांगितले तेव्हा त्या फक्त "रिकामा पिंजरा ठेवला होता म्हणून कळलं" एवढेच म्हणाल्या.

५ सप्टेंबर

निर्णय: माल बदलायचा. फ्लेविनची चकाकी वजा करून जीएफपीचा आकडा काढता येईल, असा एक प्रस्ताव होता आणि वेळ वाचवण्यासाठी तो मला आवडलाही होता. परंतु भरलेल्या आणि रिकाम्या पिंजऱ्यात फ्लेविन सारख्याच प्रमाणात असते, असे गृहीत धरण्याला आधार नाही. ज्या संख्येतून एवढी मोठी वजाबाकी करावी लागते, त्या संख्येवर पुढचा सगळा डोलारा उभा करणे मला पटले नाही. नवा माल एमचेरी हे लाल चकाकणारे प्रथिन असेल. तो ५८७ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि ६१० ला देतो. तेथे फ्लेविनचा वावर नाही.

नव्या रचनेत दोन सुधारणा केल्या. मालाच्या सुरुवातीला सहा हिस्टिडिनची (निकेलला चिकटणाऱ्या अमिनो आम्लाची) साखळी लावली आणि माल व शेपूट यांच्या मध्ये टीईव्ही प्रथिनभंजकाची कापण्याची जागा ठेवली. माल खरोखर आत असेल तर निकेलच्या मण्यांना हिस्टिडिन सापडणार नाहीत आणि टीईव्हीला कापण्याची जागा सापडणार नाही, कारण कवचाची नैसर्गिक रंध्रे जेमतेम ०.३ नॅनोमीटरची आहेत. म्हणजे आत असण्याचा पुरावा माल काय करतो यावरून नव्हे, तर काय करू शकत नाही यावरून मिळेल. जनुकाची मागणी आज पाठवली. परवा गणेशचतुर्थी आहे, त्यामुळे पुढील दहा दिवस गट विस्कळीत राहील.

१९ सप्टेंबर

जनुक आले. ते जिवाणूत घातले आणि ग्लिसरॉलचे साठे उणे ८० वर ठेवले.

३० सप्टेंबर

लाल गोळा मिळाला. मात्र जेलवर अपेक्षित पट्टीखेरीज खाली दोन अनाहूत पट्ट्या दिसल्या आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीने प्रथिन तुटत असल्याची नोंद केली. ते तुटत होते हे खरे, पण आमच्या उकळण्यामुळे. या कुळातील लाल प्रथिनांमध्ये रंगकेंद्राजवळचा बंध एसडीएसमध्ये उकळल्यावर सुटतो आणि एका साखळीचे दोन तुकडे दिसतात. न उकळलेल्या नमुन्यात त्या पट्ट्या नाहीत. तिने स्वतःच दोन्ही नमुने शेजारी लावून ते तपासले, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

न उकळलेल्या जेलचे खरे बक्षीस वेगळेच होते. जेलच्या वरच्या टोकाला, जेथे अखंड पिंजरा अडकतो, नेमकी तेथेच लाल चकाकी होती, आणि रिकाम्या पिंजऱ्याच्या रांगेत लाल काहीच नव्हते.

१० ऑक्टोबर

काल रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. अर्धे पारितोषिक संगणकाच्या साह्याने नवी प्रथिने घडवण्याबद्दल डेव्हिड बेकर यांना, आणि उरलेले अर्धे प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करण्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. चहाच्या वेळी साहजिकच विषय निघाला की आपण अजून निसर्गाचाच पिंजरा का वापरतो. बेकर आणि टॉड येट्स यांच्या गटांनी २०१२ मध्ये १२ आणि २४ उपघटकांचे पिंजरे संगणकावर आखून प्रत्यक्षात आणले. २०१६ मध्ये ६० उपघटकांचा पिंजरा आला आणि दोन वेगवेगळ्या उपघटकांपासून बनणारे १२० उपघटकांचेही आले. त्या दुसऱ्या प्रकारच्या कणावर आधारलेली कोविड लस दक्षिण कोरियाने २०२२ मध्ये मंजूर केली. लसीत प्रतिजन कणाच्या बाहेरच्या पृष्ठावर मांडायचा असतो, आणि तेथे आखीव पिंजऱ्याला तोड नाही. आम्हाला आत माल घालायचा आहे. त्यासाठी लागणारी कडी निसर्गाने आधीच घडवून दिलेली असताना ती नव्याने आखण्याचे कारण मला दिसत नाही. चर्चा माझ्या बाजूने संपली असे मात्र म्हणता येणार नाही.

मोजणी: सध्याच्या पद्धतीने प्रत्येक पिंजऱ्यात सरासरी तीनच एमचेरी येत आहेत. हे फारच कमी आहे.

२५ ऑक्टोबर

आकडा कमी का येतो, याचे कारण वेळेत आहे असा आमचा अंदाज होता. दोन्ही प्रथिने एकाच वेळी तयार होऊ लागली की कवचाचे उपघटक मालाची वाट पाहत नाहीत. ते जुळतात, कवच मिटते, आणि नंतर तयार झालेल्या एमचेरीला दार उरत नाही. त्यात एमचेरीचे रंगकेंद्र पक्के होण्यास स्वतंत्र वेळ लागतो. म्हणून मालाचे जनुक वेगळ्या प्लाझ्मिडवर, अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या प्रवर्तकाखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) हलवले. आधी दोन तास अरॅबिनोज, नंतर आयपीटीजी आणि तापमान ३० अंश, असा क्रम ठेवला. गोळ्याचा रंग आधीपेक्षा स्पष्टपणे गडद आहे. दिवाळीपूर्वी शुद्धीकरण आटोपून नमुने ४ अंशांवर ठेवले.

८ नोव्हेंबर

मोजणी सविस्तर लिहितो, कारण येथे चुकण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. ५८७ नॅनोमीटरला शोषण ०.१८ आले. एमचेरीचा शोषणांक ७२,००० धरला तर त्याची संहती (द्रावातील प्रमाण) २.५ मायक्रोमोलर होते. कवचाचे प्रमाण जेलवरील पट्टीच्या गडदपणावरून काढण्याचा विचार होता, पण मालाची पट्टी २९ आणि कवचाची ३१ किलोडाल्टनवर असल्याने त्या एकमेकींत मिसळतात, शिवाय उकळण्याने तुटलेले तुकडे हिशेबाबाहेर जातात. म्हणून एकूण प्रथिन मोजले. ते मिलिलिटरला ०.५९ मिलिग्रॅम आले. त्यातून मालाचे ०.०७ वजा केल्यावर कवचाचे ०.५२ उरते, म्हणजे १७ मायक्रोमोलर उपघटक. ६० ने भागल्यावर पिंजऱ्यांची संहती ०.२८ मायक्रोमोलर येते. एका पिंजऱ्यामागे सरासरी ८.८ एमचेरी.

तीनवरून जवळजवळ नऊवर आलो, आणि बदलला फक्त क्रम. तरीही ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. प्रत्येक पिंजऱ्यात नऊ असतील, किंवा निम्म्यांत सतरा-अठरा असून उरलेले रिकामे असतील, दोन्हींतून हाच आकडा निघतो. नऊ एमचेरींमुळे पिंजऱ्याचे वस्तुमान १४ टक्क्यांनी वाढते, व्यास मात्र वाढत नाही. म्हणून स्तंभ या दोघांत भेद करू शकत नाही. विश्लेषक अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये जड पिंजरे अधिक वेगाने खाली जातील आणि भेद दिसेल, पण ते यंत्र आमच्याकडे नाही.

१४ नोव्हेंबर

निकेलची परीक्षा. मोकळे एमचेरी मण्यांवर घट्ट बसले आणि मणी जांभळट लाल झाले. भरलेल्या पिंजऱ्याचा नमुना त्याच मण्यांवरून सरळ वाहून गेला, मणी जवळजवळ पांढरे राहिले आणि लाल रंग वाहून आलेल्या द्रावात मिळाला. त्यानंतर तोच नमुना ग्वानिडीनने उलगडून पुन्हा मण्यांवर सोडला तेव्हा माल मण्यांना चिकटला, म्हणजे हिस्टिडिन जागेवरच होते, फक्त हाती लागत नव्हते. टीईव्हीचा निकालही याच्याशी जुळतो. मोकळा माल रात्रभरात कापला गेला, पिंजऱ्यातील माल तसाच राहिला.

९ ऑगस्टच्या छायाचित्रापेक्षा हे पांढरे मणी दिसायला अगदीच फिके आहेत. मी त्यांचेही छायाचित्र काढले, पण कोणाला पाठवले नाही.

२७ नोव्हेंबर

दुसऱ्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तीन तासांची वेळ मिळाली होती. पहिला तास वीज गेल्यामुळे निर्वात पुन्हा साधण्यात गेला. युरेनिल ॲसिटेटने रंगवलेल्या जाळीवर सारख्या आकाराचे गोल कण सुरेख दिसले. रिकाम्या आणि भरलेल्यांत मध्यभागाच्या गडदपणात फरक वाटतो, पण कोणता नमुना कोणता हे न सांगता दोघांना वर्गीकरण करायला लावले तेव्हा त्यांचे एकमत झाले नाही. त्यामुळे ही चित्रे पिंजरा अखंड असल्याचा पुरावा म्हणून वापरू, भरल्याचा पुरावा म्हणून नाही.

१० डिसेंबर

पेशीतच तयार होणारा माल भरता आला, पण बाहेर शुद्ध केलेला किंवा रासायनिक रेणू जोडलेला माल भरायचा असेल तर पिंजरा उघडून पुन्हा मिटवावा लागेल. तीव्र आम्ल, तीव्र अल्क किंवा ग्वानिडीन यांनी हा पिंजरा उलगडतो आणि परिस्थिती सौम्य केली की पुन्हा जुळतो. आम्ही पीएच १ वर उलगडून, शुद्ध एमचेरी असलेल्या उदासीन बफरमध्ये ते थेंबाथेंबाने सोडले, कारण माल स्वतः आम्ल सोसत नाही. बराचसा भाग साका होऊन तळाला बसला. जो पिंजरा परत मिळाला त्याचा आकार योग्य आहे, त्यात थोडा लाल माल आहे, आणि तो आता पिवळा नाही. फ्लेविन वाटेत गळून गेले असावे. पुन्हा जुळताना संहती कमी ठेवून साका कमी होतो का, ते पाहायचे आहे.

औषधासारखे लहान रेणू हा आणखी वेगळा प्रश्न आहे. शेपूट त्यांच्या कामाची नाही, आणि जे रेणू ०.३ नॅनोमीटरच्या रंध्रातून आत शिरण्याइतके लहान असतील, ते त्याच वाटेने बाहेरही पडतील. पाच उपघटकांच्या मिलनबिंदूवरील रंध्राभोवतीचा वेढा आखूड करून रंध्र मोठे करता येते आणि कवच तरीही जुळते, हे इतरांनी दाखवले आहे. मला त्यात माल नेण्यापेक्षा आतल्या विकरापर्यंत कच्चा माल पोहोचवण्याची सोय अधिक दिसते. मॅडमचे मत वेगळे आहे.

२० डिसेंबर

आखूड वेढ्याची दोन रूपे व्यक्त केली. एकाचा पिंजरा आकाराने मूळ पिंजऱ्यासारखाच मिळाला, पण ६५ अंशांवर तो आता वीस मिनिटे टिकत नाही, त्यामुळे शुद्धीकरणाची सोपी पायरी हातची गेली. दुसरे रूप सगळेच न विरघळता गोळ्यात राहिले. पहिल्यासाठी ५५ अंशांवरचा प्रयोग जानेवारीत लावला आहे.

शीतकपाटातील डब्यांवरील नावे आज तपासली. ऑगस्टमधील तीन नळ्यांवर माझ्या अक्षरात "भरलेले" असे लिहिलेले होते. त्या टाकून दिल्या. ऑक्टोबरच्या नळ्यांवर नवी चिठ्ठी लावली: "एमचेरी, सरासरी ८.८, वितरण मोजायचे आहे". अल्ट्रासेंट्रीफ्यूजसाठी दुसऱ्या संस्थेकडे अर्ज पाठवला आहे.